निळ्या कोंबड्यांना काळी पिल्लं का झाली?

निफाड तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं: घरची द्राक्षबाग, राहायला मळ्यातच. सासूबाईंच्या काळापासून दारात गावरान कोंबड्या आहेत. दीड वर्षापूर्वी कॉलेजात जाणाऱ्या मुलाने हट्टाने निळ्या कोचीनचा (पायावरही पिसं असलेली जड जात) एक नर आणि तीन माद्या आणल्या, सोबत ६० अंड्यांचं उबवणी मशीन. डिसेंबरच्या पहिल्या खेपेत १४ पिल्लं निघाली, त्यात निळी फक्त ६. बाकी ४ काळी आणि ४ मळकट पांढरी. एप्रिलमध्ये ३० अंडी ठेवली तर ५च पिल्लं बाहेर आली. उरलेली फोडून पाहिली, तर बरीच पूर्ण वाढून आतच मेलेली. विकणारा ‘शंभर टक्के प्युअर’ म्हणाला होता. शेजारचे एक जाणकार म्हणतात, रक्तात भेसळ आहे, काळी-पांढरी बाजारात काढा आणि निळ्यात निळंच ठेवा. मुलाने पुण्याच्या एका गिऱ्हाइकाकडून १० निळ्या पिल्लांचा ॲडव्हान्स घेऊन ठेवलाय. यजमानांचं म्हणणं, करायचं तर मोठं करा, गावरान सगळ्या विकू आणि कर्ज काढून ५०० अंड्यांचं मशीन घेऊ. ताई विचारतात, ‘विकणाऱ्याला जाब विचारू का? पुढे काय करू? घरात सगळं बागेचं चालतं, हे एवढंच माझं आहे, म्हणून जीव अडकलाय.’

ताई,

जाब विचारायला जाऊ नका. तुमची १४ पिल्लंच त्या माणसाच्या बाजूने साक्ष देतील. त्याने तुम्हाला खरोखरच निळ्या कोंबड्या दिल्यात. निळ्यातून काय काय निघतं हे मात्र सांगितलं नाही. त्यालाही ठाऊक असेलच असं नाही. विकणारे बरेच जण स्वतः दोन खेपांपूर्वी विकत घेणारेच असतात.

कोंबडीत हा निळा म्हणजे काळाच रंग, पातळ झालेला. पातळ करणारा जीन आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडूनच आला तर काळ्याचा निळसर राखी होतो. दोघांकडूनही आला तर रंग इतका उतरतो की पांढुरक्या अंगावर निळे-काळे शिंतोडे तेवढे राहतात. याला पाळणारे ‘स्प्लॅश’ म्हणतात. दोघांकडूनही आला नाही तर पिल्लू काळंच. म्हणजे निळ्या कोंबडीकडे तो जीन नेहमी एकच असतो, आणि पिल्लाला तो मिळेल की नाही हे नाणं उडवल्यासारखं ठरतं. निळा नर आणि निळी मादी यांची पिल्लं सरासरी चारात एक काळं, दोन निळी, एक स्प्लॅश अशी पडतात. १४ पिल्लांत ७ निळी यायला हवी होती, तुम्हाला ६ मिळाली. काळी आणि स्प्लॅश साडेतीन-साडेतीन, ती ४-४ आली. इतक्या कमी पिल्लांत एवढा जवळचा हिशोब सहसा लागत नाही. पुढच्या खेपेत दहात ३ निळी आली किंवा ८ आली, तरी बिचकू नका.

मुलाने बारावीला जीवशास्त्र घेतलं असेल तर त्याला गुलबक्षीबद्दल विचारा. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी फुलं येतात, आणि त्या गुलाबीचं बी लावलं की पुन्हा लाल, गुलाबी, पांढरी तिन्ही उगवतात. परीक्षेत त्याने हे लिहिलं असणार. मळ्यातल्या खुराड्यातही तेच घडलंय हे कोणी सांगितलं नाही, एवढंच.

जाणकारांनी सांगितलेला उपाय जुना आहे आणि तो पूर्वीही फसलेला आहे. अँडालुशियन नावाची एक निळी जात आहे. ती पाळणारे प्रत्येक पिढीत काळी आणि पांढुरकी पिल्लं वाया गेलेली म्हणून बाजूला काढायचे, निळ्याशी निळं लावायचे, आणि तरी पुढच्या खेपेत ती दोन्ही परत यायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंब्रिजच्या बेटसन आणि पनेट या आनुवंशशास्त्रज्ञांनी या कोंबड्यांचा अभ्यास केला. ‘वाया गेलेल्या’ काळ्या आणि पांढुरक्या कोंबड्यांची जोडी लावली तर पिल्लं झाडून सगळी निळी निघतात. एकही काळं नाही, एकही पांढरं नाही. म्हणजे तुमचे शेजारी जी ८ पिल्लं बुधवारी नाशिकला गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बाजारात काढायला सांगताहेत, शंभर टक्के निळ्याची वाट त्यांच्यातूनच जाते.

शेजाऱ्यांना थांबवा. काळ्या पिल्लांच्या पोटाखाली किंवा पंखाच्या टोकाला पिवळट पांढरं दिसत असेल तर तीही भेसळ समजू नका. काळ्या कोंबडीची पिल्लं लहानपणी तशीच असतात, पिसं आली की ते जातं. मळकट पांढऱ्या पिल्लांवर शिंतोडे दिसायलाही पिसं बदलावी लागतात. डिसेंबरची पिल्लं आता बरीच मोठी झाली असतील, उजेडात धरून नीट बघा.

इथे एक आडवळण घेते, कारण ‘निळी कोंबडी’ म्हणून आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. दुसरी लॅव्हेंडर. ती अंगभर एकसारखी फिकी राखी असते. तुमच्यासारख्या निळ्यात मात्र नराच्या मानेवर आणि पाठीवर गडद झाक असते, आणि पीस हातात घेतलं तर बऱ्याचदा कड जास्त काळी दिसते. लॅव्हेंडरचा कायदा उलटा आहे. लॅव्हेंडरला लॅव्हेंडर लावलं तर सगळी पिल्लं लॅव्हेंडरच, पण काळ्याशी लावलं तर सगळी काळी, आणि रंग एक पिढी लपून बसतो. तुमच्या खेपेत तीन रंग निघाले म्हणजे तुमचं लॅव्हेंडर नाही. पण हे वाचून कोणी लॅव्हेंडर मादीला काळा नर लावला आणि सगळी काळी पिल्लं पाहून कपाळाला हात लावला, असं व्हायला नको.

आता खरी अडचण. तुमची काळी आणि स्प्लॅश पिल्लं सगळी एकाच बापाची आहेत. आयांपैकी दोघी-तिघी बहिणी असण्याचीही शक्यता बरीच, कारण एकाच माणसाकडून एकदम घेतलेल्या आहेत. (हा प्रश्न मात्र त्या माणसाला जरूर विचारा, जाब म्हणून नव्हे.) या पिल्लांची आपसात जोडी लावली तर रंग हमखास मिळेल, पण भावाबहिणीच्या जोडीतून एक-दोन पिढ्यांतच अंडी कमी फळतात, पिल्लं अशक्त निघतात, लहान-सहान रोगाला बळी पडतात. निळ्यात निळं ठेवायचा सल्ला मला रंगापेक्षा या कारणासाठी जास्त खटकतो. सहा पक्ष्यांतून निवडणार काय? फक्त रंग बघून ठेवायचं म्हटलं की तब्येत, अंगाची ठेवण, पायावरची पिसं, अंडी देण्याची ताकद, काहीच बघायला जागा उरत नाही.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर एकच नवा पक्षी आणला असता: दुसऱ्या ठिकाणचा, तुमच्या कोंबड्यांशी नातं नसलेला, ठणठणीत काळा कोचीन नर. तो निळ्या घराण्यातलाच हवा असं नाही, नुसता काळा कोचीन चालतो. रंगीताच्या मागे लागलेली गिऱ्हाइकं काळ्याकडे फारसं बघत नाहीत, त्यामुळे तो तुलनेने स्वस्तात मिळावा. आणल्यावर किमान तीन-चार आठवडे लांब, वेगळा ठेवा, दाणापाणी त्याला शेवटी घाला. आपल्याच नाशिक विभागात नवापूरला २००६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये बर्ड फ्लूने काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर तुमच्या स्प्लॅश तलंगांशी (तरुण माद्यांशी) त्याची जोडी लावा. कोचीन सावकाश वयात येते, डिसेंबरच्या पिल्लांचे सात-आठ महिने धरा. तुमच्या ४ स्प्लॅशमध्ये माद्या किती हे एव्हाना कळलं असेल. दोनच असल्या तरी पुरे.

जोडी लावायच्या आधी मळ्यात एक गोष्ट तपासा. कोचीन आणि गावरान एकत्र सुटतात का? पत्रात तसं स्पष्ट लिहिलेलं नाही, पण मळ्यात सहसा तसंच असतं. कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकतं. त्यामुळे गावरान कोंबडा आज वेगळा केला तरी उद्याच्या अंड्याचा बाप तोच असू शकतो. जोडीच्या माद्या तीन आठवडे इतर नरांपासून पूर्ण तोडा, त्यानंतरचीच अंडी उबवायला धरा. पायावर विरळ, अर्धवट पिसं असलेलं पिल्लू दिसलं की समजा, गावरान कोंबड्याने कुंपण ओलांडलंय.

एप्रिलच्या खेपेबद्दल. इथे रक्ताचा दोष काढण्याआधी अंड्यांचा हिशोब करू. कोचीन काही अंड्यांची कोंबडी नाही, आठवड्याला दोन-तीन, फार तर चार. तीन माद्यांची ३० अंडी जमायला तुम्हाला कमीत कमी अडीच आठवडे लागले असणार. तेवढे दिवस ती कुठे होती? डिसेंबरात निफाडच्या थंडीत स्वयंपाकघरातलं अंडंही निवांत राहतं. एप्रिलमध्ये घरातच पारा पस्तिशीला जातो. एवढ्या उष्म्यात फळलेलं अंडं कोंबडीखाली न बसताच आतून अर्धंमुर्धं वाढू लागतं, मग रात्री थांबतं, पुन्हा वाढतं, आणि गर्भ दुबळा होतो किंवा मरतो. उबवायचं अंडं १५ ते १८ अंश तापमानात, निमुळतं टोक खाली ठेवून, सात दिवसांच्या आत मशीनला लागलं पाहिजे. उन्हाळ्यात ओल्या वाळूत बसवलेला माठ, आत कोरडं कापड, त्यावर अंडी, हा उपाय त्यातल्या त्यात बरा. तरी माझं मत विचाराल तर एप्रिल-मे मध्ये कोचीनची खेप लावूच नका. एवढी पिसं अंगावर घेऊन ती कोंबडी स्वतःच धापा टाकत असते, नराचं बीजही उन्हात कमजोर पडतं. सप्टेंबर ते फेब्रुवारी हा तुमचा हंगाम.

पूर्ण वाढलेलं पिल्लू आत मरतं तेव्हा मात्र बोट बहुतेकदा मशीनकडे जातं. फोडलेल्या अंड्यांत काय दिसलं ते आठवा. आतला पापुद्रा वाळून पिल्लाच्या अंगाला कागदासारखा चिकटला होता का? मग हवा कोरडी पडली. पिल्लू फुगलेलं, आत पाणीपाणी होतं का? मग ओलावा जास्त झाला. चोचीने कवच टोचून तिथेच मेलं असेल तर शेवटच्या दिवसांत झाकण उघडून बघायचा मोह झाला असणार. सगळ्यांनाच होतो. पंख्याच्या मशीनमध्ये २१ दिवस ३७.५ अंश तापमान, पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आर्द्रता, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. अंडी दिवसातून किमान तीनदा फिरवायची, अठराव्या दिवशी थांबवायची आणि मग झाकणाला हात लावायचा नाही. ओलावा वाढवायला भांडं खोल नको, पसरट हवं. पाण्याचा पृष्ठभाग जितका मोठा तितका ओलावा जास्त. मशीनच्या डब्यावर दिसणाऱ्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ताप मोजायचं थर्मामीटर आत ठेवून बघा, ते ९९.५ फॅरनहाइट दाखवतंय का. लाइट गेली तर गोधडी टाकून ठेवा, हवेची भोकं तेवढी मोकळी सोडा, आणि उघडून बघू नका. तास-दोन तासांनी काही बिघडत नाही. रात्रभर जाते तिथे इन्व्हर्टर हवाच.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे टॉर्च धरायची सवय लावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या की अंडं जिवंत. नितळ दिसलं तर ते फळलेलंच नाही, आणि कोचीनमध्ये याचं एक अगदी साधं कारण असतं: बुडाभोवती पिसांचा इतका गच्च बोंगा असतो की नर-मादीची गाठच नीट पडत नाही. जोडी लावण्याआधी दोघांचीही तिथली पिसं कात्रीने आखूड करा. पुढच्या पिसांसोबत ती परत येतात.

मोठ्या मशीनचं बघू. तीन माद्या, आठवड्याला फार तर १२ अंडी, आणि सात दिवसांपेक्षा जुनी ठेवायची नाहीत. म्हणजे ५०० च्या मशीनमध्ये तुम्ही एका वेळी डझनभर अंडी लावणार. तुमचं ६०चं मशीनसुद्धा भरत नाही! यजमानांना हा हिशोब कागदावर मांडून दाखवा, वाद घालायची गरज पडणार नाही. बागेत त्यांनी रोपांच्या आधी कधी पॅकहाउस बांधलंय का?

आणि दुर्मिळ म्हणून भाव मिळतो, हे गृहीतक जरा तपासूया. असा भाव गिऱ्हाईक थोडी असतात तोवरच. त्यातलं प्रत्येक गिऱ्हाईक सहा महिन्यांत स्वतः पिल्लं विकू लागतं. कडकनाथचं आपण पाहिलं. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कोंबडी अस्सल, तिच्यात काही खोट नाही. पण पिल्लं घ्या, आम्ही माल परत घेऊ असं सांगत जो धंदा उभा राहिला तो २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या प्रकरणात कोसळला आणि कर्ज काढलेले शेतकरी अडकले. त्याआधी इमू पक्ष्यांच्या धंद्याचंही तसंच झालं. निळ्या कोचीनला तर मांसाचा किंवा अंड्यांचा बाजारही नाही, फक्त हौशी माणसांचा आहे. हौसेच्या पैशातून दाणा, लस आणि लाइटबिल निघालं, वर थोडं उरलं, तर उत्तम. बँकेचा हप्ता त्यातून निघेल असं धरू नका.

गावरान विकायच्या तर मुळीच नाहीत. त्या सासूबाईंच्या आहेत एवढ्यासाठी म्हणत नाही. निफाडचं ऊन, थंडी, मळ्यातला दाणा, सगळं त्यांच्या अंगवळणी पडलंय, आणि घरच्या अंड्यांचा प्रश्न त्याच सोडवतात. शिवाय खुडूक गावरान कोंबडी म्हणजे बिनविजेचं मशीन. दहा-बारा कोचीनची अंडी तिच्याखाली ठेवा, मशीनच्या खेपेशी तुलना करा. तिच्याखाली चांगली निघाली आणि मशीनमध्ये मेली, तर दोष कुठे आहे ते आपोआप कळेल. खुडूक कोचीनही बसते, पण जड अंगाने अंडी फोडते. दोन्हीकडच्या पिल्लांचं लसीकरण गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठरवा, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पहिल्या आठवड्यातच लागते. गावरान आणि कोचीनची खुराडी तेवढी वेगळी करा.

वहीची सवय करा, तीही तुमच्या हातची. अंड्यावर पेन्सिलने तारीख आणि मादीची खूण, पिल्लाच्या पायात रंगीत कडी, वहीत आई-बापाची नोंद. दोन वर्षांनी तुम्ही कोणाला पक्षी विकाल तेव्हा ही वही दाखवा. ‘शंभर टक्के प्युअर’ म्हणणारे पुष्कळ आहेत, आजीपासूनचा कागद दाखवणारे फार थोडे. पुढे निळी पिल्लं विकताना सोबत एक ओळ सांगायची: याला निळ्याशी लावाल तर अर्धीच निळी निघतील. काही गिऱ्हाइकं परत जातील, जाऊ द्या. आणि एक काळा नर, दोन स्प्लॅश माद्या असा संच ‘यातून सगळी निळी निघतात’ म्हणून विका. समजणारं गिऱ्हाईक त्याचे पैसे जास्त देईल.

तुम्ही लिहिलंत, हे एवढंच माझं आहे. पण पत्रात मुलाला काय हवंय ते आहे, यजमानांना काय हवंय ते आहे, शेजाऱ्यांचंही आहे. तुम्हाला किती कोंबड्या हव्यात ते कुठेच नाही. सकाळी बागेत माणसं येण्याआधी तुम्ही किती खुराड्यांची साफसफाई आनंदाने करू शकता, तो तुमच्या कारभाराचा आकडा. वीस असेल तर वीस. तो तुम्ही ठरवा आणि घरात सांगा, विचारू नका.

पुण्याच्या गिऱ्हाइकाचं राहिलं. तुमच्याकडे निळी ६ आहेत, त्यातली चांगली तुम्हाला ठेवायची आहेत, म्हणजे १० देणं शक्यच नाही. हिवाळ्यापर्यंत थांबायची तयारी आहे का ते विचारावं, नसेल तर ॲडव्हान्स पूर्ण परत. पिल्लांत नर किती, मादी किती याचंही वचन देऊ नये, कोचीनमध्ये ते कित्येक आठवडे कळत नाही. हा फोन मुलाला करायला लावा. ॲडव्हान्स त्याने घेतलाय.